वासाचा रकाना

मरोळच्या गाळ्यात, बेअरिंगवाल्याच्या डोक्यावर,
आमची बिअर शिजते.
शिजते म्हटलं की ऑस्विन चिडतो.
"ब्रू, हेमलताबाई, ब्रू."
पण पातेलं आहे, आच आहे, ढवळणं आहे,
मला दुसरा शब्द सुचत नाही.

फ्रीजरमधून चंदेरी पिशव्या निघतात.
कात्री लावली की उसासा सोडतात.
आत हॉप्स. फुलं म्हणायची, पण पाकळ्या कागदाच्या,
आणि पोटात पिवळी पूड, हळदीहून चिकट.
तळहातावर चुरडायची, नाक खुपसायचं,
मग तक्त्यातल्या वासाच्या रकान्यात लिहायचं.

तक्त्यात आधीच छापलंय:
पाइन. ग्रेपफ्रूट. ओलं अरण्य.
पाइन मी पाहिलेला नाही.
अरण्य म्हणजे आरेतला तबेल्यामागचा रस्ता.
म्हणून मी माझं लिहिते.

कॅस्केड: पपनस सोलताना डोळ्यात उडतं ते.
सिट्रा: रायवळ आंब्याचं देठ मोडलं, चीक ओठाला लागला,
उद्या फोड येणार, तरी.
सिमको: देवळातली राळ. आणि, माफ करा, जिन्याखालचा बोका.
साझ: पानवाल्याचं ओलं फडकं.
फगल: काकांची तपकिरीची डबी, काका गेल्यानंतरची.
मोझेक मी तीनदा खोडलं.
जांभूळ, मग जांभळाची बी,
मग नुसतं: जीभ दाखव बघू.

तासभर उकळलं की वास छपरातून निघून जातो,
कावळ्यांना मिळतो.
खाली कडू राहतं.
म्हणून वासाचे हॉप्स शेवटी टाकायचे, आच बंद करून.
हे ऑस्विननं शिकवलं.
मी म्हटलं, कसुरी मेथी आम्हीही शेवटीच चुरडतो, बाबा.

कडूचं मला काही नाही.
बिअर मात्र मी पीत नाही. तोंडात घोळवते, थुंकते.
सासूबाईंना सांगितलंय, सरबताचा कारखाना.
"सरबताला एवढा उग्र दर्प?"
मी साबण बदलते.

एकदा रात्री साकीनाक्याला नाकाबंदी.
माझं तर पोटच नाकावर.
हवालदारानं रिक्षात डोकं घातलं
आणि लगेच बाहेर काढलं.
"बाई, गांजा?"
"नाही साहेब, त्याची चुलतबहीण."
हे बोलायला नको होतं.

उतरले. बॅग उघडली.
ऑस्विननं घरी हुंगायला दिलेली पुडी, सोराची एस.
छातीवरच्या पट्टीवर नाव, ढोणे.
त्यानं टॉर्च पाडला, वाकला, हुंगलं.
परत हुंगलं.
मागून टँकरनं हॉर्न मारला, त्याला ऐकू गेला नाही.

"बाळंतशेपा," तो म्हणाला.
"पोरगी झाली तेव्हा मी बंदोबस्तावर.
तेराव्या दिवशी पोचलो.
दारातच हा वास. ओवा, शेपा, धुरी.
पोर नंतर दिसली."
त्यानं पुडीचं तोंड दोनदा दुमडलं,
कडा नखानं दाबली, आणि परत दिली.
मी विचारलं, "आता केवढी आहे?"
तो पुढच्या रिक्षाकडे गेला होता.

सकाळी तक्ता काढला.
सोराचीपुढे छापील: लिंबू, डिल.
त्याखाली माझ्याच अक्षरात: शेपूची जुडी, बुधवारची, स्वस्त.
ती खोडली.
लिहिलं: बाळंतिणीची खोली. बाप उशिरा.

ऑस्विननं वाचलं, चष्मा वर केला, परत वाचलं.
"गिऱ्हाइकाला हे कसं सांगायचं?"
नको सांगूस, म्हटलं.
फक्त घाई करू नकोस, आच बंद होऊ दे.

तो कात्री हातात घेऊन
पातेल्यापाशी उभा राहिला.
खाली बेअरिंगवाल्यानं शटर उघडलं.